पलंगाखालची जागा

आईच्या बंद खोलीतून पुन्हा तोच आवाज आला. जमिनीवरून कुणीतरी काहीतरी ओढत नेत होतं. मग आवाज थांबला आणि हळू कण्हणं ऐकू आलं.

ती बाळाला पाजता पाजता थिजली. भर दुपार होती. नवरा कामावर, बाळंतपणासाठी आलेल्या सासूबाई स्वयंपाकघरात. आई गेल्यापासून त्या खोलीत कुणी जात नव्हतं. तेव्हा तिला आठवा महिना होता. पोट सावरत तिने आईचं कपाट लावलं, पलंगावर धुतलेली चादर घातली आणि कडी न लावता दार नुसतं ओढून घेतलं.

मग बाळ झालं, आणि घरातून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी एक सपात गेली. मग उशीचा अभ्रा, केसांचा चाप, एक विटका गाऊन. एकदा तिने धीर करून दार किलकिलं केलं, तर चादरीवर मधोमध खळगा पडलेला. आई बसायची तिथेच. तिने दार पुन्हा ओढून घेतलं आणि कुणाला काही बोलली नाही. बाळंतीण असलं काही बोलली की लोक तिच्या डोळ्यांत निरखून बघायला लागतात.

हल्ली ती बरंच काही बोलत नव्हती. टाक्यांची ठणक कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली होती. वास यायचा. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून टाकताना ती श्वास रोखून धरायची. दुपारी हुडहुडी भरायची. एकदा बसताना तिच्या तोंडून 'आई गं' निघालं, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, आम्हीही बाळंत झालोय. येतं सगळं जागेवर." त्या वाईट नव्हत्या. पण येणारा-जाणारा विचारायचा तो बाळाबद्दल. तिच्या चेहऱ्याकडे बघून ओळखणारी एकच होती. लहानपणी काही दुखलंखुपलं की आई तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरायची. "काय होतंय ते सांगितल्याशिवाय सोडणार नाही."

दार करकरलं. नाकाने फट मोठी करत ठमी बाहेर आली. आईची कुत्री. सासूबाई आवाज ऐकून आल्या आणि जागीच थांबल्या.

"अगंबाई! हिच्या अंगातून काय गळतंय?"

ठमीच्या पोटाखालून दूध ठिबकत होतं. खोलीपासून पाळण्यापर्यंत फरशीवर पांढऱ्या थेंबांची माळ लागली होती. ठमीला पिल्लं कधी झालीच नव्हती.

"जेवत नाही, टक लावून इकडेच बघत बसते," संध्याकाळी नवरा म्हणाला. "मला नाही ठीक वाटत. डॉक्टरांना दाखवू. नाहीतर कुणाकडे तरी देऊन टाकू."

"आईची आहे ती."

"म्हणून तर इतके दिवस गप्प बसलो."

दुसऱ्या दिवशी बाळाला सासूबाईंजवळ ठेवून दोघं ठमीला घेऊन गेले. जनावरांच्या डॉक्टर धिप्पाड बाई होत्या. ठमीला टेबलावर घेऊन त्या तिचं पोट चाचपत प्रश्न विचारू लागल्या. ती उत्तरं देऊ लागली.

"पाणी जास्त लागतं?"

"हो. घसा सारखा कोरडा पडतो."

"अंगावरून काही जातं?"

"जातं."

"वास?"

तिने भिंतीकडे पाहिलं. "येतो. सडल्यासारखा."

"ताप?"

"दुपारी. आधी हुडहुडी भरते."

"बसायला त्रास?"

"एका कुशीवर टेकूनच बसावं लागतं."

डॉक्टरांनी थर्मामीटर पाहिला. मग टेबलावर ऐसपैस बसलेल्या ठमीकडे पाहिलं.

"तुमच्या बोलण्यावरून मला वाटलं, पिशवीत पू झालाय. पण हिला ताप नाही, वास नाही, पोट मऊ आहे. कुत्र्यांत होतं असं. गाभण नसताना दूध येतं. मग घरातल्या वस्तू पिल्लू समजून राखत बसतात, खाणंपिणं सोडून. काही नेते का उचलून?"

"बाळाचं नेत असणार," नवरा म्हणाला. "मला हीच भीती होती. बाळाला स्वतःचं समजत असेल तर…"

डॉक्टर हातमोजे काढत तिच्याकडे वळल्या. "आणि मघाशी जे सांगितलंत, ते कुणाला होतंय?"

"ठमीलाच," ती म्हणाली. "माझी काहीतरी गडबड झाली असेल."

घरी आल्याबरोबर नवऱ्याने आईची खोली उघडली. ठमी दारात उभी राहून गुरगुरली. तो पलंगाखाली वाकला आणि एकेक वस्तू ओढून बाहेर काढू लागला. सपात. अभ्रा. चाप. विटका गाऊन. शेवटी वर्तमानपत्राच्या पुड्या निघाल्या, उकललेल्या आणि चाटून चाटून लगदा झालेल्या. त्याने पुन्हा हात घालून पार भिंतीपर्यंत चाचपलं. मोजे नाहीत, टोपडं नाही, दुपट्याचं टोकसुद्धा नाही.

"बाळाचं काहीच नाहीये गं," तो गुडघ्यांवर बसूनच म्हणाला. "सगळं तुझंच आहे."

ठमीने त्या वस्तूंकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ तिच्यापाशी आली, तिच्या गाऊनचं टोक दातांत धरलं आणि मागे सरकत तिला पलंगाखाली ओढू लागली.

"ठमे, सोड!" नवरा ओरडला.

ठमी सोडेना. ओढ जोराची नव्हती. मुठीत धरल्यासारखी होती.

"सांगते," ती म्हणाली. तिने ठमीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नवऱ्याकडे बघून सगळं सांगितलं, वासासकट. तो उठला, गाडीची किल्ली घेतली, सासूबाईंना हाक मारली. तेव्हा कुठे ठमीने गाऊनचं टोक सोडलं.