मच्छिंद्रची नवी व्हॅन

बारा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे अगदी ठरल्या वेळेला, बालवाडीची व्हॅन सोसायटीच्या गेटशी येऊन उभी राहिली. व्हॅन कोरी करकरीत होती. समोर झेंडूचा हार होता आणि मच्छिंद्र उतरून पेढे वाटत होता. उत्कर्षाने पेढा घेतला आणि जड मनाने खाल्ला.

जुनी व्हॅन रोज रेल्वे फाटकाशी बंद पडायची. मग गेटजवळच्या कठड्यावर वीस-पंचवीस मिनिटं दोघीच असायच्या, शुभंकरची आई उत्कर्षा आणि ऋतिकाची आई अपेक्षा. उत्कर्षा आठ महिन्यांपूर्वी वाशीमहून हडपसरला आली होती. नवरा सकाळी आठला सॉफ्टवेअर कंपनीच्या बसने जायचा तो रात्री नऊला उगवायचा. दिवसभरात मोठ्या माणसाशी तिचं बोलणं व्हायचं ते त्या कठड्यावरच. तेही गेलं तर आपल्याला वेड लागेल, असं तिला अगदी मनापासून वाटायचं.

अपेक्षा सदाशिव पेठेतली. हडपसर पुण्यात येतं हे तिने अजून मान्य केलेलं नव्हतं. "काय करून राहिल्या?" असं उत्कर्षाने पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा "व्हॅनची वाट पाहतेय. आपण?" असं उत्तर मिळालं होतं. पण व्हॅनच्या कृपेने पुढे मुलांच्या खोकल्यापासून सासूच्या फोनपर्यंत सगळं निघायला लागलं. व्हॅन आली की अपेक्षा मनगटावरचं घड्याळ मच्छिंद्रसमोर धरायची. "सोलापूर रस्त्याने आलात, की सोलापूरहून?" मच्छिंद्र लोणी काळभोरचा. तो नुसता हसायचा.

घरी जाऊन गप्पा मारायची सोय नव्हती. एकदा उत्कर्षाने धीर करून बेल वाजवली होती. अपेक्षाने अर्धं दार उघडून विचारलं, "काही काम होतं?" उत्कर्षा म्हणाली, विरजण हवं होतं. अपेक्षाने वाटीत चमचाभर विरजण आणून दिलं. उत्कर्षाच्या घरी तेव्हा पातेलंभर दही होतं.

नवी व्हॅन काही केल्या बंद पडेना. उत्कर्षा पंधरा मिनिटं आधी खाली येऊन बसायची. अपेक्षा व्हॅनबरोबरच उगवायची, ऋतिकाचं दप्तर घ्यायची आणि "चला" म्हणून जिन्याकडे वळायची. असे चार दिवस गेले. "थोडं आधी खाली या ना" एवढंच म्हणायचं होतं, पण "कशाला?" असं विचारलं तर काय सांगणार?

पाचव्या दिवशी सकाळी ऋतिकाला तिचे बाबा व्हॅनमध्ये बसवून गेले, तशी उत्कर्षा मच्छिंद्रच्या खिडकीशी गेली.

"दादा, दुपारी पुढच्या सोसायटीतली मुलं आधी सोडत जा. आमची दहा मिनिटं उशिरा आली तरी चालतील."

"का वो ताई?"

"शुभंकरला गाडीत बसायला आवडते. आणि हे कोणाला सांगू नका."

त्या दुपारपासून व्हॅनला पुन्हा उशीर होऊ लागला. अपेक्षा भडकली. "गाडी नवी, खोड जुनीच! मी आता लेखी तक्रार देणार आहे."

"द्यायलाच पाहिजे," उत्कर्षा घाबरत म्हणाली आणि सरकून तिला कठड्यावर जागा करून दिली.

तक्रार लिहायला अपेक्षाला महिनाभर सवड झाली नाही. तेवढ्या काळात ती 'अहो'वरून 'अगं'वर आली. एके दिवशी तर तिने न मागता भाजणीचा डबा खाली आणला, आणि "उरली होती" असं सांगून उत्कर्षाच्या हातात ठेवला. तिच्याकडून हे फार झालं.

एकच गोष्ट उत्कर्षाला खात होती. व्हॅन दहा नाही, रोज चांगली वीस मिनिटं उशिरा येत होती आणि मुलं भुकेजून उतरत होती. शेवटी एका सकाळी तिने मच्छिंद्रला गाठलं.

"दादा, मी दहाच मिनिटं म्हटली होती. तुम्ही वीस लावून राहिले!"

मच्छिंद्रने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दहा तुमची हायत, ताई. दहा ऋतिकाच्या मम्मीची. त्यांनी बी कुनाला सांगू नका म्हनलंय."