बर्फाची अट

“बर्फावर घसरता येणं ही काय मुलगी बघायची अट झाली?” कढीपत्त्याची पानं ओरबाडत सरिताबाई म्हणाल्या. “नोकरी विचारा, स्वयंपाक विचारा. हे काय भलतंच!”

त्यांची धाकटी बहीण मोहिनी दिंडोरीहून स्थळ घेऊन आली होती. लग्नं जमवायची मोहिनीला भारी हौस. मुलगा दीपक, तिच्याच शेजारच्या द्राक्षबागायतदाराचा एकुलता एक, झुरिकला इंजिनिअर. आईबापांनी त्याच्यामागे लग्नाचा धोशा लावला होता. शेवटी त्यानं सांगून टाकलं, मुलगी तुम्हीच बघा, आपल्या जिल्ह्यातलीच बघा. फक्त तिला स्कीइंग आलं पाहिजे. तशी मिळाली तर लगेच साखरपुडा करू.

“मी बोलून बसलेय, आमच्या वेदिकाला येतं थोडं थोडं म्हणून,” मोहिनीमावशी म्हणाली आणि निवांत चहा प्यायला लागली.

सरिताबाईंनी कपाळावर हात मारला. त्यांच्या लेकीला, वेदिकाला मात्र हसू फुटलं.

ती नाशिकलाच, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होती. आजवर बघायला आलेल्यांनी तिला उंची विचारली, पगार विचारला, पुरणपोळी लाटताना फुटते का, तेही विचारलं. तुझ्या अंगात धमक किती, असं विचारणारा हा पहिलाच. फोटोतला चेहराही बरा होता. खरं सांगायचं तर तो न भेटताच तिला आवडून गेला.

“मी शिकते,” ती म्हणाली.

झालं! तिचे वडील धनराज मोबाईल घेऊन बसले. परदेशात जायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. पोरगी युरोपात जाऊन शिकून आली, तर मावशीची थाप गावभर झाली असती. “जवळात जवळ बर्फ कुठं मिळतो ते बघू,” ते म्हणाले. महाबळेश्वरला दव गोठतं, हे वाचून त्यांना घटकाभर उगाच आशा वाटली. मुंबईतल्या एका मॉलमधलं बर्फाचं घर ते स्वतः बघून आले. तिथं फार तर गोळा खाता आला असता. मग हिमाचल झालं, काश्मीर झालं, आणि शेवटी उत्तराखंडातलं औली पक्कं ठरलं. तिथं रीतसर शिकवत होते आणि हरिद्वारपर्यंत रेल्वेनं जाता येत होतं. शेजाऱ्यांना सांगितलं, देवदर्शनाला चाललो.

जानेवारीत बापलेक औलीला गेले. वेदिका पहिल्यांदा उभी राहिली ती पडायलाच. गुडघे सोलले, कंबर धरली, हाताची बोटं बधिर झाली. रात्री ती मुकाट्यानं बाम चोळायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उतारावर हजर व्हायची. परत निघायच्या वेळी ती न पडता खालपर्यंत येत होती. आपल्याला हे जमतंय, याचाच तिला इतका आनंद झाला की तिनं बापाला मिठी मारली.

मावशीनं दिंडोरीला कळवलं, औलीला सराव करून आली, आता चांगलंच येतं. दीपकचं उत्तर आलं, औलीचा सोपा उतार धरत नाही. खडा उतार यायला हवा. आणि अजिबात घाई नाही म्हणावं, सावकाश शिकू दे.

“नखरे बघा,” सरिताबाई फणकारल्या.

“नखरे नाहीत गं,” वेदिका म्हणाली. “त्याला खरोखरची आवड आहे.”

फेब्रुवारीत तिनं उरलीसुरली रजा काढली आणि गुलमर्ग गाठलं. या वेळी ती एकटीच गेली. खडा उतारसुद्धा उतरून आली.

एप्रिलमध्ये दीपकच्या आईनं, आशाताईंनी, त्याला हट्टानं बोलावून घेतलं आणि मंडळी नाशिकला आली. पोहे झाले, चहा झाला. आशाताई येतानाच ओटीचं साहित्य घेऊन आल्या होत्या. त्यांनी वेदिकाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. “देवानं ऐकलं गं बाई,” त्या म्हणाल्या आणि त्यांना रडूच आलं. धनराजनाही गलबलून आलं. ते पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेले. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात, ते काही खोटं नाही.

दीपक फारसं बोलत नव्हता. मुलगा लाजतोय, असं म्हणून मावशीनं रिवाजाप्रमाणे दोघांना गच्चीवर पिटाळलं.

“तुम्हाला खरंच येतं?” कठड्याशी पोचताच त्यानं विचारलं.

“खरंच. आधी येत नव्हतं,” वेदिका म्हणाली. लबाडी मनात ठेवून संसार मांडायचा नव्हता तिला. “मावशीनं थाप मारली होती. मी या हिवाळ्यात शिकले. तुमच्यासाठीच सुरू केलं, आता मलाही सोडवत नाही.”

“एवढा त्रास घेतलात?”

“तुमची अट मला आवडली होती. मुलीला असं काही विचारणारे तुम्ही पहिलेच.”

दीपकनं चेहऱ्यावरून हात फिरवला. खालून आशाताईंचं हसणं ऐकू येत होतं. साखरपुड्यासाठी त्या रविवार ठरवत होत्या.

“एक विनंती करू?” तो म्हणाला. “खाली गेल्यावर, मुलगा पसंत नाही म्हणून सांगा.”

वेदिकाला काही उमगेना. “माझं काही चुकलं का?”

“नाही हो, तुमचं काहीच चुकलं नाही.” त्यानं जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “अख्ख्या नाशिक जिल्ह्यात अशी मुलगी सापडणारच नाही, या भरवशावर ती अट घातली होती मी. झुरिकला माझी बायको आहे.”