कालवणापुरती मासळी

"पदराची गाठ सोडा, मावशी," कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन म्हणाला. चांगुणाने गाठ सोडली. आठ-दहा तारल्या जमिनीवर पडल्या.

बंदरावर टोपल्या वाहणाऱ्या बाईला कालवणापुरती मासळी न मागता मिळायची. इथे कामाला लागून आठवडा झाला, तरी तिचा हात सवयीने ढिगात गेला होता.

"ही खायची नाही. हिची पावडर होते, परदेशात पिंजऱ्यात पाळलेल्या सॅमन माशांना घालायला."

"मग बंदरावर काय उतरतं रे?"

"काही नाही. सगळा माल थेट इथेच येतो. म्हणून तर तुम्हीही आलात ना?"

तारल्या वेचून तिने परत ढिगात टाकल्या.

घरी सुनेने डाळभात वाढला, पाण्याचा तांब्या पुढे केला. हातांना अजून तारलीचा वास होता. चांगुणा हात न धुताच जेवायला बसली.