उदमांजर घालवायची रीत

"काठी द्या मले," खुशालराव म्हणाले. "दोन तडाख्यांत जनावर खाली आन् भानगड खतम!"

काठी कोणी दिली नाही. मागच्या खोलीवरच्या माळ्याला शिडी लावून वर्षाली नावाची एक बाई आत टॉर्च मारत होती. कॉलेजात शिकवायची म्हणे, आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरांत घुसलेली जनावरं न मारता बाहेर काढायची. एवढी शिकलेली बाई आणि हे धंदे! खुशालरावांनी नाक मुरडलं.

"उदमांजर आहे," ती खाली उतरून म्हणाली. "तीन पिल्लं आहेत, अगदी लहान. महिनाभर हात लावू नका. पिल्लं हिंडूफिरू लागली की ती आपली आपण जाते."

"आन् नाईच गेली तं?" आरतीनं विचारलं. आरती म्हणजे खुशालरावांची लेक, घर तिचं.

"मग तिची सोय मोडायची. दिवसा झोपायला तिला अंधार लागतो, शांतता लागते. तिथं दिवसभर बल्ब लावा, रेडिओ लावा, फिनाईलचं फडकं ठेवा. खायचं काही जवळपास नको. पण हाकलू नका. हाकललं की बिथरते, घाण वास सोडते, आणि हट्टानं परत येते."

"घ्या! मांजरीचं बाळंतपन करा आता," खुशालराव म्हणाले. जावई स्वप्निल मात्र मान डोलवत सगळं मोबाइलवर टिपून घेत होता. स्वतःच्या घरात मांजरीपुढे शेपूट घालणारा हा गडी लेकीला कसा काय दिला, हे खुशालरावांना अजून उमगलं नव्हतं.

तसे ते लेकीच्या घरी पाय पसरून राहणाऱ्यातले नव्हते. पण अकोल्याला त्यांच्या पोरानं, अंकुरनं, चार पाहुण्यांसमोर त्यांना म्हटलं होतं, "बाबा, तुमी थोडं गप बसा ना." जन्मदात्या बापाला! त्यांनी तिथल्या तिथं पिशवी उचलली. "हात जोडून घ्याले येशीन, तवाच या घरात पाय ठेवीन," असं ऐकवून ते अमरावतीला आले.

दुसऱ्या महिन्यात अंकुर घ्यायला आला. खुशालरावांनी मागच्या खोलीला आतून कडी घातली आणि दोन तास भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पोरगं चहा पिऊन निघून गेलं. त्याला आता तीन महिने झाले होते. आपल्या पायानं अकोल्याला जायचं म्हणजे त्या कालच्या पोरापुढं मान खाली घालायची. ते या जन्मात होणार नव्हतं, मग लेकीच्या दारात राहतो म्हणून लोक कितीही तोंडं वाकडी करोत.

महिना सरला. एका सोमवारी स्वप्निलनं माळ्यावर बल्ब लावला.

"काहून? गेलं नाई का ते ध्यान?"

"आता उपाय सुरू करा लागते बाबा," आरती म्हणाली. "थोडं सोसा."

सोसा! माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून उजेड थेट खुशालरावांच्या तोंडावर यायचा. दुपारी डोळा लागला की रेडिओ कपाशीवरच्या अळीचं सांगायला लागायचा. फिनाईलचा वास इतका, की वरणभातालाही तीच चव. खोलीतला चिवड्याचा डबा गेला, केळी गेली. पुढच्या खोलीत जाऊन पडावं, तर तिथं दुपारभर आरतीच्या शिकवण्या. गुडघ्यांमुळे शिडी चढता येत नव्हती, नाहीतर त्यांनीच वर जाऊन त्या मांजरीची मुंडी मुरगळली असती.

स्वप्निल रोज सकाळी फडकं ओलं करायला यायचा. "माफ करा मामाजी," एवढंच म्हणायचा.

"जावईबापू, मांजरीले पेपर बी वाचून दाखवत जा," खुशालराव म्हणायचे. त्यावरही तो नुसता हसायचा. नंदीबैल लेकाचा!

अकरा दिवस त्यांनी कळ काढली. बाराव्या दुपारी ते ताडकन उठले.

"या घरात मानसापक्षा जनावराले किंमत जास्त हाय! ते मजेत झोपून राहिलं असन वरती, आन् मी इथं टक्क जागा! ते जात नाई ना? मीच जातो!"

"बाबा, अजून आठ-दहा दिवस..."

"एक घटका थांबत नाई."

आरतीनं पदरानं डोळे पुसले आणि पिशवी भरून दिली. स्वप्निलनं गाडीवरून स्टँडवर सोडलं, वाकून नमस्कार केला. आशीर्वाद त्यांनी दिला, पण तोंड फिरवून.

बस बडनेऱ्याच्या पुढे गेली आणि खुशालरावांना बरं वाटू लागलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच खरं बरं वाटलं. घर आठवलं, अंगणातली त्यांची खाट आठवली. पोराला काय सांगायचं तेही ठरलं. 'तुह्यासाठी नाई आलो, त्या मांजरीपायी आलो.' बस्स! मान खाली घालायचा प्रश्नच मिटला. बावळट लेक आणि नेभळट जावई, पण त्यांच्यामुळे आपलं नाक शाबूत राहिलं, हे त्यांनी मनातल्या मनात मोठ्या मनानं कबूल केलं.

अकोल्याच्या स्टँडवर अंकुर उभाच होता. ताईचा फोन आला होता म्हणे. तो पाया पडला, पिशवी हातात घेतली. "लय दिवस लावले बाबा," म्हणाला. खुशालरावांनी ठरवलेलं ताठ मानेनं ऐकवलं.

"तुह्यासाठी नाई आलो मी. त्या उदमांजरीनं माहं तिथं जिनं हराम केलं, म्हनून आलो."

अंकुर पिशवी गाडीला अडकवता अडकवता थांबला.

"पन बाबा, ते तं बल्ब लावाच्या आठ दिवस आधीच गेलं ना. पिल्लं घेऊन जातानीचा व्हिडिओ धाडला होता मले ताईनं."