लालाचा निळा होईपर्यंत

ब्युरेटमधलं द्रावण पंधराच्या रेघेखाली गेलं तेव्हा अजिनाथनं तोटी बंद केली. फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवून आत पाहिलं. मघाशी होता तोच मळकट रंग त्याला आत्ताही दिसत होता. लालाचा निळा होऊन गेला असणार. कधी, ते त्याला कळलं नव्हतं.

टी.वाय.ची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. चिठ्ठीत पाण्याचा जडपणा काढायचा प्रयोग आला होता. प्रयोग त्याला तोंडपाठ होता. फक्त त्यातले दोन रंग त्याच्या डोळ्यांना वेगळे दिसत नव्हते, आणि ही गोष्ट जामखेडच्या त्या कॉलेजात एकाच माणसाला ठाऊक होती. त्याची लॅब पार्टनर, एंजेला. तीन वर्षं ती त्याच्या शेजारी उभी राहायची. रंग फिरायला लागला की टेबलावर बोट वाजवायची, मग तो तोटी बंद करायचा. आज सगळ्यांना नंबराप्रमाणे उभं केलं होतं. एंजेला पार खिडकीपाशी होती.

शेजारच्या कल्याणनं मान न वळवता सांगितलं, की सगळ्यांचं रीडिंग साडेबाराच्या आसपास येतंय, तूही तेच टाक. टाकता आलं असतं. पण बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम प्रत्येकापाशी थांबून शेवटचे थेंब स्वतः बघत होत्या. त्या सहाव्या टेबलाशी होत्या. अजिनाथचं टेबल नववं.

त्यानं फ्लास्क धुतला, पुन्हा पाणी मोजून घेतलं, पुन्हा तोटी उघडली, बंद केली. त्यानं खिडकीकडं पाहिलं. एंजेला आधीच त्याच्याकडं बघत होती. काय झालं, असं तिनं भुवया उंचावून विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. तेवढ्या वेळात तिची स्वतःची तोटी उघडीच राहिली. खाली बघताच तिचे खांदे पडले. तिनं फ्लास्क सिंकमध्ये ओतून दिला. घड्याळात चाळीस मिनिटं उरली होती.

अजिनाथ स्वच्छ फ्लास्क उगाचच घासत राहिला. मग फ्लास्क खाली ठेवून तो थेट मॅडम पोचल्या होत्या त्या सातव्या टेबलापाशी गेला.

"मॅडम, मला हा रंग दिसत न्हाई."

मॅडमना वाटलं, याचा रंगच येत नाहीये. इंडिकेटर टाकलास का, असं त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं, की रंग येतो, पण लाल आणि निळा त्याला सारखेच दिसतात. लहानपणापासून. तोवर कॉलेजचे बोरुडे सर लगबगीनं पुढं आले. मुलगा हुशार आहे, याची सगळी रीडिंगं बरोबर असतात, असं सांगू लागले आणि सांगता सांगताच थांबले.

मॅडमनी त्याचं जर्नल मागवून चार पानं उलटली. "मग हे सगळं कसं केलंस?"

अजिनाथ फरशीकडं बघत राहिला. नजर खिडकीकडं गेली असती तर न बोलताच सगळं कळलं असतं.

"पहिल्या वर्षीच सांगायचं होतंस," सर म्हणाले.

"सांगितलं असतं तर केमिस्ट्रीला घेतलं असतं का, सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मॅडमनी जर्नल मिटलं. रंग मी सांगू शकत नाही, म्हणाल्या, ते रीडिंग माझं होईल. मग तोंडी परीक्षेत विचारावा तसा त्यांनी प्रश्न विचारला. रंग न बघता हेच कसं काढशील?

हा प्रश्न कुठल्याच गाइडात नव्हता. सकाळपासून पहिल्यांदाच अजिनाथ एका जागी स्वस्थ उभा राहिला. मग तो म्हणाला, कलरिमीटर. थोडं थोडं द्रावण घालत जायचं आणि दर वेळी यंत्रातला आकडा लिहायचा. रंग बदलतोय तोवर आकडा बदलेल. बदलायचा थांबला, की तिथं शेवट.

मॅडमनी सरांकडं पाहिलं. सरांनी स्वतः कपाटातून यंत्र काढून आणलं आणि त्यावरची धूळ रुमालानं झटकली.

आकडा बराच वेळ जागचा हलला नाही. मग हळूहळू चढला, मग चढेनासा झाला. अजिनाथनं आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले, पट्टीनं दोन रेघा ओढल्या. त्या बारा पूर्णांक नऊ दशांशला एकमेकींना भेटल्या. वेळ संपली होती, पण मॅडमनी त्याचा कागद मागितला नव्हता.

"बाकीच्यांचं साडेबारा आलंय," त्या म्हणाल्या.

"माझं हे आलंय."

त्यांनी आलेखावर सही केली.

एंजेला बाहेर जिन्यात थांबली होती. अजिनाथ भराभर सांगत सुटला, यंत्र, आकडा, रेघा, सही. तुझं नाव कुणी विचारलं न्हाई आन् मी सांगितलं न्हाई, हेही त्यानं सांगून टाकलं. ती ऐकत होती. तुझं रीडिंग किती आलं, असं त्यानं शेवटी विचारलं.

"आलं नाही."

"दुसऱ्यांदा केलंस की."

"दुसऱ्यांदाही निळ्याच्या पुढं गेलं," ती म्हणाली. "तू मॅडमशी बोलत होतास ना, मी तिकडंच बघत होते."