बिनविरोध

"कर की सही. हात का आखडलाय?"

हात आखडला नव्हता. तिखटानं माखला होता. क्रांतीनं मिरची कुटायचा डंक बंद केला, पदराला हात पुसले. समोर मिरचीच्या पोत्यावर तात्यासो बसले होते. गल्लीच्या तालमीचे प्रमुख. तिखटाच्या खाटानं डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण माणूस जागचा हलत नव्हता. हातात तिचाच माघारीचा अर्ज.

जागा एकच होती. ती मिळवायला अख्खी गल्ली झिजली होती.

जुनी पेठ पुनर्विकास प्राधिकरणाचं मंडळ आजवर मुंबईतून नेमलं जायचं. लिंबोणी गल्ली कधी डोळ्यांनी न पाहिलेली माणसं. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि कागदावरच गल्ली उचलून हायवेपलीकडं, चौथ्या-पाचव्या मजल्यांवर ठेवून दिली. चौथ्या मजल्यावर डंक बसत नाही. बसवला तर इमारत बसते. म्हणून कचेरीसमोर धरणं. उन्हाळा. पावसाळा. परत उन्हाळा. तालमीची सतरंजी तात्यासोंनीच आणून अंथरली आणि तिच्यावर पहिले तेच बसले. शेवटी नेमणुकीचा कायदा बदलला. मंडळावर एक माणूस गल्ली निवडून देणार, आणि त्याच्या सहीशिवाय गल्लीतली एक वीटही हलणार नाही.

त्या दिवशी सगळे नाचले. एकटे तात्यासो सतरंजीवर बसून कायदा वाचत होते.

तीन अर्ज आले. डंकवाली क्रांती. भडंगवाला वृषभ. म्हशीवाला आदर्श.

"मतदान लागलं की गल्ली फुटली," तात्यासो म्हणाले. "भाऊ भावाच्या दारात जायाचा न्हाय. आपल्या तालमीत आजवर जे काय झालं ते बिनविरोध झालंय. त्या मुंबईवाल्यास्नी दिसू दे की."

"मग आदर्शला सांगा."

"त्यो म्हशीगत आडवा बसलाय. वृषभ काढतोय. ऱ्हायलीस तू. आदर्शचा गोठा तुझ्या डंकाला खेटून हाय. गोठा वाचला तर डंक वाचला. व्हय का न्हाय?"

खरं होतं.

"शान्यानं मागं सरायचं असतंय, पोरी. आन् ह्यातलं कुणाफुडं बोलू नगंस. आदर्शला कळलं तर आत्ताच शेफारंल."

तिनं सही केली. कागदावर अंगठ्याचा तांबडा डाग उमटला. तात्यासोंनी तो फुंकरीनं झटकला. "मी देतो नेऊन. तू डंक चालू कर."

दुपारी तीन. माघारीची मुदत संपली. कचेरीची पायरी. अख्खी गल्ली.

हलगी कडाडत होती. वृषभनं भडंगाचं पोतं सोडलं होतं, मूठ-मूठ वाटत होता. गुलाल तयार होता, फक्त कुणाच्या डोक्यावर टाकायचा एवढंच ऐकायचं बाकी होतं. क्रांतीनं हार आणला होता. आदर्शसाठी.

अधिकारी बाहेर आला.

"लिंबोणी गल्ली. रिंगणातले उमेदवार: शून्य."

हलगीवाल्याला ऐकू गेलं नाही. तो वाजवतच राहिला.

क्रांतीनं आदर्शकडं बघितलं. "तू काढलास?"

"तुझ्यासाठी की. तू अडून बसलीयास म्हणाले."

"मी?"

"आन् मी," वृषभ म्हणाला. भडंग त्याच्या मुठीत तसाच होता. "मी ह्या आदर्शसाठी काढला."

तर मग ती सकाळ पुन्हा. मिरचीच्या पोत्याच्या जागी भडंगाचा डबा ठेवा. मग डबा काढा, म्हशीची दावण ठेवा. अर्ज बदला, नाव बदला. माणूस तोच. वाक्यही तेच, त्यातला एक शब्द सोडून: शान्यानं मागं सरायचं असतंय, बाळा.

"क्रांतीनंच माघार घेतली म्हटल्यावर ऱ्हायलं काय," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-चौघं हसले.

"मग आता?" क्रांतीनं अधिकाऱ्याला विचारलं.

"निवडून कुणी आलं नाही, तर ती जागा सरकार भरतं. नव्या कायद्यातच आहे, बाई. तुमच्याच गल्लीतला माणूस घेणार, काळजी नको."

तिनं गर्दीत तात्यासोंना शोधलं. सतरंजीवर नव्हते. चहाच्या गाड्यावर नव्हते. तालमीलाही कुलूप होतं.

सरकारनं जागा भरली. रविवारी तात्यासोंच्या दारात फटाके वाजले. वाजवणारे गल्लीतलेच. "आपलाच माणूस लागला की," असं ते एकमेकांना सांगत होते आणि क्रांतीच्या हातावर पेढा ठेवत होते. तिनं पेढा घेतला. खाल्लाही. काय सांगायचं होतं त्यांना? की सही माझीच आहे?

पहिल्या बैठकीला तिघं गेले. शिपायानं अडवलं, आदर्शनं त्याला खांद्यानं बाजूला सारलं. आत थंडगार हवा. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मुंबईची सहा माणसं. सातवे तात्यासो, नव्या कोऱ्या फेट्यात. त्यांच्यापुढं नकाशा पसरलेला. पेनाचं टोपण काढलेलं.

"तात्या," क्रांती म्हणाली, "सही करू नगा."

सहा माना तिच्याकडं वळल्या. मग तात्यासोंकडं. शेजारच्या साहेबानं हळूच विचारलं, "ओळखीचे आहेत का?"

तात्यासोंनी चष्मा काढला. पुसला. परत चढवला. तिघांकडं एकेक करून नीट बघितलं.

"बोला, पावणं," ते म्हणाले. "कुठल्या गल्लीचं तुम्ही?"