खुंटीवरचा नान

कॅन्सर उलटला, म्हणून नव्या औषधाच्या चाचणीसाठी मुकद्दस कोकंदहून ताश्कंदला निघाली. दारातच सासूनं, होसियतनं, तिच्या तोंडासमोर नान धरला.

"नीट चावा घे, चिमणीसारखा नको."

चाव्यात सुनेच्या तुटक्या दाताची खूण उमटली. होसियतनं नान खुंटीला टांगला. प्रवासाला गेलेलं माणूस परत येऊन उरलेला खाईपर्यंत तो तिथंच राहायचा.

वसंतात मुकद्दस परतली. गाल टवटवीत.

"गाठ विरघळली, आई! डॉक्टरसुद्धा चक्रावले."

"बरं. आधी नान खा."

तिनं जुन्या चाव्याशेजारी दात रोवले. होसियतनं नान उजेडात धरला. नव्या चाव्यात ती खूण नव्हती.

"दात बसवून घेतलास?"

"काहीतरीच काय, आई! माझा दात तुटला कधी?"

होसियतनं नान पुन्हा खुंटीला टांगला.